जास्तीची डबी

"पाणी शिरलेलं निघालं, तर किल्ली कायमची माझ्याकडे," मुलाने पुन्हा बजावलं. गॅरेजमधल्या स्टुलावर आई पर्स मांडीत घेऊन बसली होती. ही अट तिने सकाळी तोऱ्यात मान्य केली होती. आता पस्तावत होती.

गाडी भर चौकात बंद पडली, ती ओढूनच आणावी लागली. स्टिअरिंगमागचे धोक्याचे सगळे दिवे पेटलेले, स्टिअरिंग दगड झालेलं. मुलाचं म्हणणं, आईने बाटलीचं झाकण नीट लावलं नाही, पाणी आत सांडलं. हल्ली विसरते ती. आई तावातावाने नाही म्हणाली होती खरी, पण झाकण लावल्याचं तिला काही केल्या आठवत नव्हतं. याचीच तिला भीती वाटत होती.

इलेक्ट्रिशियनबाईंनी लॅपटॉप जोडला आणि हसल्या. "गाडीतल्या या इलेक्ट्रॉनिक डब्यांतही घरोघरी मातीच्याच चुली. ब्रेकचा डबा म्हणतोय, इंजिन माझ्याशी बोलत नाही. इंजिन म्हणतंय, ब्रेक बोलत नाही. स्टिअरिंग दोघांवर रुसून बसलंय."

"मग चूक कुणाची?" आईने विचारलं.

"ते नुसत्या तक्रारी ऐकून कळत नाही, काकू. हे सगळे डबे तारांच्या एकाच जोडीवरून बोलतात. एकाने गोंगाट मांडला की बाकीच्यांना काही ऐकू येत नाही. एकेकाला बाजूला करायचं. ज्याला काढल्यावर बाकीचे बोलू लागतील, तो आपला चोर."

ब्रेकचा डबा काढला. कोरडा. लॅपटॉपवर फरक नाही, म्हणून परत बसवला. स्टिअरिंगचा काढला. तोही कोरडाच, परत जागी गेला. प्रत्येक वेळी आई अर्धी उठायची आणि परत बसायची.

"गिअरखाली बघा ना," मुलगा म्हणाला. "बाटली तिथेच असते."

तिथेही धूळच निघाली.

बाई मग स्टिअरिंगखाली आडव्या झाल्या आणि तारा चाचपडत आत गेल्या. "अगंबाई, ही कोण पाहुणी?"

काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली, काडेपेटीएवढी डबी होती. त्यांनी तिच्या तारा सोडवल्या. गाडीतले दिवे एकेक करून विझले, स्टिअरिंग हलकं झालं.

"बोलायला लागले सगळे!" बाई बाहेर आल्या. "गाडी कुठे कुठे जाते ते मोबाइलवर दाखवणारी डबी आहे ही. गाडीबरोबर आलेली नाही, मागाहून कुणीतरी जोडलीय. तीच गोंगाट करत होती."

मुलगा टायरकडे बघत राहिला. "तू रस्ता चुकशील असं वाटायचं," तो हळूच म्हणाला. "म्हणून बसवून घेतली."

आईला खरं तर राग यायला हवा होता. पण छातीवरचा धोंडा असा काही उतरला, की तिला आधी हसूच फुटलं. "म्हणजे मी झाकण लावलं होतं!" ती बाईंना म्हणाली, मग मुलाला म्हणाली, मग पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

मुलाने गाडीची किल्ली काढून दिली.

पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. मुलगा खिडकीशी वाकला.

"कुठे निघालीस?"

"एवढं विचारायला डबी कशाला लागते रे?" आई म्हणाली, आणि हात लांब करून शेजारचं दार उघडलं.