अर्थ लागेना

व्हॅन पुन्हा बंद पडली. अगदी नेहमीसारखीच. सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात सुरू, आवाज लोण्यासारखा, आणि गरम होऊन पुढचा पंखा फिरायला लागला की एक गचका देऊन गप्प.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींनी स्टिअरिंगवर हात आपटला. आजवर कितीतरी इंजिनं त्यांनी उतरवली, चढवली. पण जावयाच्या गाडीत बसवलेल्या या दुसऱ्या इंजिनाने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, कॉम्प्युटरच्या डबीत दोष म्हणून काही दिसत नव्हता. इंजिन सासऱ्याने बसवलेलं, वायरी जावयाने जोडलेल्या, तो धंद्याने वायरमन. म्हणजे चूक कोणाची हे म्हणायचीही चोरी. मदतनिसाला शिव्या घालता येतात, जावयाला येत नाहीत.

खरं कोडं मात्र घरात बसलं होतं. व्हॅन दुरुस्तीला आली तेव्हा मुलगीही तिच्यासोबत बॅग घेऊन आली, ती राहिलीच. जावई दर रविवारी यायचा, गाडीखाली शिरायचा आणि संध्याकाळच्या बसने परत जायचा. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. भांडण झालंय म्हणावं तर आवाज नाही, नाही म्हणावं तर बोलणं नाही. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. गाडी झाली की पोरगी जाणार की राहणार, या विचाराने मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता आणि विचारायला जीभ रेटत नव्हती.

"मामा," गाडीखालून जावई म्हणाला. उघड्या दारातून त्याचे फक्त बूट दिसत होते. "सगळा घोळ तिथेच असणार. तुम्ही अर्थ लावलात का नीट?"

मिस्त्री सीटवर सरळ बसले. अखेर विषय निघाला होता.

"कसला लावणार, जावईबापू! तिला विचारावं तर ती भाजी चिरते. तुम्हाला विचारावं तर तुम्ही गाडीखाली. तिची आई म्हणते, तुम्ही मध्ये पडू नका. आता तुम्हीच काढलंत तर सांगून टाका. आमच्या पोरीचं काही चुकलं का?"

खालचा पाना वाजायचा थांबला.

"मी अर्थिंगचं विचारत होतो, मामा. इंजिनावरून चासीला जाते ती जाड विणलेली तार."

"पट्टी होय!" मिस्त्री आयुष्यभर तिला पट्टीच म्हणत आले होते. त्यांचे कान तापले. "लावली की. या हातांनी आवळलीय."

"इथे तर नुसतं भोक आहे. पंख्याचा भार आला की वीज अडणारच." मग, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा, पुढे बोलला, "तिचं काही चुकलं नाही. ती म्हणाली, गाडीबरोबर मीपण जाते. मी म्हटलं, बरं. जाऊ नको म्हटलं नाही. आता 'परत चल' कसं म्हणायचं, तेच कळत नाही."

मिस्त्रींच्या डोक्यात सगळा गुंता झाला. आपण आवळलेला बोल्ट गेला कुठे, आणि एवढ्याशा "बरं"वरून कोणी घर सोडून बसतं का?

मागचं दार वाजलं. मुलगी बाहेर आली. तिच्या ओल्या हातात ती तांब्याची पट्टी होती, दोन्ही टोकांच्या बोल्टांसकट. वायरमनच्याच बायकोला काय काढलं की गाडी पंख्यापर्यंत चालते, हे ठाऊक असायचंच.

"तू काढलीस?" मिस्त्री ओरडले. "अगं, मी इथे डोकं फोडून घेतोय!"

तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या बुटांपाशी उकिडवी बसली.

"गाडी झाली असती, तर पुढच्या रविवारी आला असतास?"

गाडीखालून एक काळा, तेलकट हात बाहेर आला. तिने पट्टी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"हा घे अर्थ," ती म्हणाली. "आता तूच लाव."

हात मिटला. पट्टीबरोबर तिची बोटंही त्यात राहिली.

वर मिस्त्री किल्लीला हात लावून बसून होते. चालू करा, असं त्यांना कोणी सांगेना.