ड्रॅगनच्या बेटाकडे

"बुडालं का गो तुझं जहाज?" जाळं शिवता शिवता आबांनी खवचटपणे विचारलं.

हेमांगीने मोबाईलवरून मान वर केली नाही. ऑनलाइन खेळातली वीस जादूची बेटं पालथी घालून ती आता ड्रॅगनच्या बेटाकडे निघाली होती. तिथे पाच खेळाडू तिच्या हुकमात होते. आबांच्या होडीवर मात्र तिला पाय ठेवायचीही बंदी होती. बाईमाणूस चढलं की दर्या कोपतो, म्हणे!

पडद्यावर वादळ उठलं. "मागे फिरूया," मोबाईलमधून कुणीतरी कळवळलं.

"कुणी फिरायचं नाही! जहाज लाटेला आडवं घालू नका, तोंड लाटेवर धरा!" ती गरजली. हेलकावे खात जहाज बेटाला लागलं.

आबांची सुई थांबली होती. "हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. रोज जेवताना दादाला सांगायचात. मी तिथेच ताटं वाढत असायचे." तिने मोबाईल बाजूला ठेवला. "दादा तर दुबईला गेला. उद्या त्याच्या जागी मी होडीत चढणार. आणि दर्या कोपला तर काय करायचं, तेही ऐकलंय मी."