मावशीची परीक्षा

मावशी लोखंडी कपाटासमोरून सरळ पुढे गेली.

दोरी धरून मागे चाललेल्या तिच्या हॅण्डलरने ते पाहिलं. कपाट नुकतंच सरकवलेलं होतं; फरशीवरच्या धुळीत ताजा ओरखडा दिसत होता. स्फोटकाची डबी त्याच्यामागेच ठेवलीय, हे त्याला खोलीत पाऊल टाकताक्षणी कळलं होतं. माणसाला कळलं, कुत्रीला नाही. ज्या नाकाच्या भरवशावर अख्खी तुकडी सहा वर्षं रस्ते तुडवत आली, ते नाक कपाटाच्या फटीपासून वीतभर अंतरावरून गेलं आणि पलीकडच्या खुर्चीचे पाय हुंगू लागलं.

दारात मेजर वही घेऊन उभे होते. वर्षाची परीक्षा. रिकाम्या बराकीतल्या चार खोल्या, त्यातली ही दुसरी.

हॅण्डलरने तिला हाक मारली नाही. हातातली दोरीही ओढली नाही. चालता चालता नुसता थांबला, तोही अर्धा श्वास.

मावशीने मान वळवली. आधी त्याच्या पायांकडे, मग तोंडाकडे पाहिलं. परत फिरली, कपाटापाशी आली आणि बसली. वास लागला की बसायचं, हे तिला शिकवलेलं.

"सापडलं," मेजर म्हणाले आणि लिहायला लागले. "नऊ वर्षांची झाली, पण म्हातारीचं नाक अजून तिखट आहे हं."

"हो, साहेब."

मावशी शेपटीने फरशी झाडत होती. त्याला हवं होतं ते तिने केलं होतं. आणखी काय पाहिजे? कागदोपत्री तिचा एक नंबर होता. मावशी हे नाव तुकडीने ठेवलेलं. भुंकणं कमी, पण लक्ष सगळ्यांवर, म्हणून.

तेवढ्यात खिडकीत एक डोकं आलं. सुरुंग निकामी करणारा शिपाई, तुकडीतला लंबू. बाहेर ट्रकमध्ये सामान चढवत होता, ते सोडून आलेला.

"काय मावशी, झालीस का पास? उद्या डोंगराचा रस्ता आहे, कळलं ना? तू पुढे आणि मी तुझ्यामागे." मग हॅण्डलरकडे वळून म्हणाला, "आईला फोनवर सांगितलं, पुढे मावशी आहे. तेव्हा कुठे बिचारी जेवली."

हॅण्डलरने मावशीच्या मानेवर ठेवलेला हात काढून घेतला.

"साहेब, ते लिहू नका."

"का रे?"

"तिने नाही शोधलं. मी शोधलं. मी थांबलो, म्हणून ती बसली."

मेजरांचं पेन जागच्या जागी राहिलं. "मला तर काही दिसलं नाही."

"कुणालाच दिसणार नाही. सहा वर्षं एका दोरीला बांधलेली आहोत आम्ही दोघं."

"हे आजच झालं?"

"महिनाभर मनात पाल चुकचुकत होती. सर्दी असेल, थंडीने झालं असेल, अशी स्वतःची समजूत घालत होतो."

खिडकीतल्या लंबूचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्याला कुणी जा म्हटलं नाही आणि तोही गेला नाही.

"नापास केली तर पुढे काय, ठाऊक आहे ना?" मेजरांचा आवाज खाली आला. "ती तुझ्या घरी आणि तू इथे. आठवड्याभरात तुला दुसरा कुत्रा देतील. रजा कधी आहे?"

"चार महिन्यांनी."

"घरी कोण आहे?"

"बायको आहे. तिला विचारून ठेवलं होतं. म्हणाली, खुशाल पाठवा, पण कुत्रीशी बोलता तसं गोड कधीतरी माझ्याशीही बोलत जा."

मेजरांना हसू येता येता राहिलं. त्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली, नवी ओळ लिहिली आणि खाली सही केली.

"काढ तिचा पट्टा."

तो गुडघ्यावर बसला. मावशीच्या पोटाखालची बक्कल त्याने सोडवली. एरवी पट्टा निघाला की मावशी अंग झाडायची आणि धूम ठोकायची. आज ती शांतपणे उठली, तिसऱ्या खोलीच्या बंद दारापाशी गेली, फटीला नाक लावलं आणि मागे वळून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"अजून दोन खोल्या राहिल्यात," तो म्हणाला. "तिला वाटतंय, काम अर्धवट टाकून चाललोय."

मेजरांनी वही मिटून काखेत धरली. स्वतः पुढे झाले आणि दार उघडलं.

"होऊ दे तिच्या मनासारखं."

मावशी आत शिरली. टेबलाखालून, खाटेच्या कडेने, खिडकीच्या चौकटीवरून तिने नाक फिरवलं. एकही कोपरा सोडला नाही. हॅण्डलर हात पाठीशी बांधून तिच्यामागून चालला. तिसरी खोली झाली, चौथी झाली. आत काही होतं की नव्हतं, मेजरांनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा लंबू खिडकी सोडून बराकीच्या दाराशी आला होता. मोहिमेवर एखादं घर तपासायचं असलं, की मावशी बाहेर येईपर्यंत तुकडीतलं कुणी उंबरा ओलांडत नसे. तो तसाच उंबऱ्याबाहेर थांबला होता, टोपी हातात घेऊन.

"मावशी," तो म्हणाला, "येऊ का आत?"

तिने शेपटी हलवली. तो आत आला.