गळ्यावरची रेघ

सोलरच्या शेतावर काचा पुसणाऱ्या बायकांना रोज सकाळी ‘सावली’ नावाच्या लेपाचा एकेक थेंब मिळे. तो लावला की दिवसभर ऊन त्या कातडीला शिवत नसे. पण थेंब पुरायचा चेहऱ्यापुरताच.

सुभद्राकाकूंनी आजही तो गळ्याला चोळला.

“काकू, तोंडाची करपलेली भाकरी झालीय,” कुंदा म्हणाली. “आणि लाड गळ्याचे?”

काकूंचं लक्षच नव्हतं. त्या एका काचेत वाकून गळा बघत होत्या, मग दुसरीत, मग तिसरीत. शेवटी त्यांनी पदर सरकवला. पस्तीस वर्षं मंगळसूत्राखाली झाकलेली फिकट रेघ तिथे होती. काका गेले तेव्हा ते उतरवलं, त्याला दीड महिना झाला होता.

“कालच्यापेक्षा पुसट झालीय का गं?”

कुंदाने निरखून पाहिलं. “नाही. आहे तशी आहे.”

“कीर्तनात बुवा सांगतात, देहाचा मोह सोडा. सोडला की. अख्खं तोंड उन्हाला दिलं. एवढी रेघ तेवढी राहू दे म्हणते.”

कुंदाच्या तळहातावर तिचा थेंब अजून तसाच होता. त्यातला अर्धा तिने बोटावर घेतला आणि काकूंच्या मोकळ्या कपाळावर टेकवला.