पाठमोरी

पोहण्याच्या स्पर्धेत लेक पहिली आली. चौथऱ्यावर चढून तिने कप डोक्याच्या वर उंच धरला आणि फोटोग्राफर "इकडे बघ, हस जरा" म्हणाला, तशी सरळ पाठ फिरवून उभी राहिली. त्याने परोपरीने विनवलं, पण पोरगी ढिम्म हलली नाही.

"एका कपाने डोक्यात हवा गेली की हो!" शेजारच्या बाई आईला म्हणाल्या. "क्लब फोटो नेटवर टाकणार होता, सगळ्या जगाने पाहिलं असतं तिला."

आई उठून उभी राहिली आणि तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिली.

परतताना लेकीने हळूच विचारलं, "आई, चेहरा नाही ना आला फोटोत? मागच्या वेळी शाळेच्या फोटोत त्या ॲपने मला ओळखलं, आपोआप नाव लावलं, आणि बाबा थेट दारात आले."

"नाही आला, राणी. आता पुन्हा घर नाही बदलावं लागणार."

"पाठीवरून नाही ना कोणी ओळखणार?"

"मी ओळखेन. लाखांत ओळखेन," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना नाही जमायचं."