कोड नसलेलं पातेलं

"मावशी, पातेलं द्या. याला कोड नाही," तपासनीस अद्वैत म्हणाला आणि त्याने स्कॅनर पुन्हा फिरवला.

घरातली प्रत्येक वस्तू, अगदी चमचासुद्धा, आपली कुंडली बोलून दाखवत होती: कुठे घडली, घडताना किती पाणी प्यायली, कधी मोडीत जायचं. पितळी पातेलं तेवढं गप्प होतं. कायद्याप्रमाणे बिनमाहितीची वस्तू आजच भट्टीत जायची होती.

"कोड नसला तरी माहिती आहे." कुमुद बोगारने पातेल्याचा काठ त्याच्यापुढे धरला. "वाच. चष्मा देऊ का माझा?"

काठावर बारीक ठिपक्यांनी नावं घातली होती. अद्वैत अडखळत वाचू लागला. "चि. सौ. कां. यमुनेस मामाकडून, १९५८. सून सुशीलेस, १९८५. बूड नवे, १९९९. सून कुमुदला, २०१२."

"मालक, वय, दुरुस्ती. तुमच्या कोडात आणखी काय असतं रे?"

अद्वैतला हसू आलं. त्याने सगळं यंत्रात भरलं, पण शेवटच्या रकान्यापाशी थांबला. "मोडीची तारीख लागते, मावशी. त्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही."

"मग थांबू दे त्याला."

कुमुदने फडताळातून नावं घालायचं जुनं मशीन काढलं. टरटर आवाजात काठावर नवं नाव उमटलं: नात रेवास. मग तिने पातेल्यात दूध ओतलं आणि ते शेगडीवर चढवलं.

"तारीख तिला विचार," ती म्हणाली. "आत्ता तिसरीत आहे."