खवल्यांचं यंत्र

जन्मात मासा न खाल्लेल्या त्र्यंबक दामल्यांनी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं लाकडी दांड्याला ठोकून खवले काढायचं यंत्र बनवलं आणि त्याची आकृती बाळकुमच्या मासळीबाजारात भिंतीवर डकवली. खाली लिहिलं, ‘कोणीही बनवा, हवं तसं सुधारा. विचारायची गरज नाही.’ महिन्याभरात तिथल्या सगळ्या कोळणींनी यंत्र बनवून घेतलं.

त्यांच्यातली मनुबाई दर रविवारी सांगायची, “भाऊ, एक नंबर चीज हाय! फक्त दांडा जरा लांब करा.” मग दामले दांडा वाढवून नवी आकृती लावायचे. असं तीनदा झालं.

तोंडावर सगळेच गोड बोलतात, अशी शंका येऊन त्यांनी डालड्याच्या डब्यात तीन कप्पे केले आणि प्रत्येकावर चित्र काढलं : हसरं तोंड, गप्प तोंड, रडकं तोंड. डबा बाजारात ठेवला. कोळणींनी नाव सांगायचं नाही, गुपचूप एक चिंचोका टाकायचा. आठवड्यानं पाहिलं, तर सगळे चिंचोके हसऱ्या तोंडात.

खूश होऊन दामले वळले, तर मनुबाई कोयत्यानं खवले काढत होती. शेजारच्या चौघीही.

“मनुबाई, यंत्र कुठाय?”

“हे काय, बाजूलाच हाय.”

“मग वापरत का नाही?”

“नाय कशी? दिवसभर वापरते. मच्छीला लावून घाण कशाला करू?” मनुबाईनं यंत्र पोलक्याच्या गळ्यातून पाठीत घातलं आणि डोळे मिटून खसाखसा खाजवलं. “पण बघा ना भाऊ, मधोमध अजून पोचत नाय.”